गाठीपलीकडचा चिमटा

सरांचा सत्कार ठरलाय. कॉलेजच्या जुन्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आलाय. स्मरणिका निघणार आहे, तर प्रत्येकानं सरांबद्दल छान छान दोन ओळी पाठवायच्या, असं फर्मान निघालं. पहिल्यानं लिहिलं, देवमाणूस. मग त्याच्या खाली सगळ्यांनी ओळीनं तेच, देवमाणूस, देवमाणूस. एकीनं तर कमाल केली. तिनं लिहिलं, बायकोच्या आजारपणासाठी मुदतीआधी नोकरी सोडणारा असा नवरा आजच्या काळात शोधून सापडणार नाही. ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन ओळींत माझं भागणार नाही, आणि छान तर मला लिहिताच येणार नाही.

तुम्ही सरांना वर्गात पाहिलंत. मी त्यांच्या घरात राहिलेय. नगरात सावेडीतल्या त्यांच्या घराच्या माडीवर एक खोली होती, तिच्यात मी आणि अकोल्याकडची एक मुलगी अशा दोघी भाडेकरू. मी जामखेडजवळच्या खर्ड्याची. तोंडानं फटकळ म्हणून कॉलेजात माझी ख्याती होती आणि ती खरी होती. खाली सर आणि काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू सोनईच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. नगरात इतकी वर्षं काढूनही बोलणं सोनईचंच राहिलं होतं.

सर आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायचे. कॉम्प्युटरच्या पोटात मेंदू एक आणि कामं ढीगभर. कोणत्या कामाला मेंदू कधी द्यायचा आणि किती वेळ द्यायचा, हे ठरवणारा जो कारभारी आत बसलेला असतो, तो शेड्यूलर. हा धडा सर पुस्तकातून शिकवायचे नाहीत. पाच जणांना फळ्यापाशी उभं करायचे, पाच वेगवेगळी गणितं घालायचे आणि खडू द्यायचे एक. शर्टाच्या खिशात त्यांच्याकडं स्वयंपाकघरातलं चावीचं टायमर असायचं, पांढरं, प्लास्टिकचं. खिसा कायम फुगलेला. त्या टायमरनं टर्र केलं की हातातला खडू पुढच्याला द्यायचा, आकडा अर्धा लिहून झालेला असला तरी. फिरून खडू आला की जिथं सोडलं तिथून पुढं. सर म्हणायचे, "खडू एकच आहे, पण प्रत्येकाला वाटलं पाहिजे की तो माझाच आहे. हे ज्याला जमलं तो चांगला कारभारी."

मला तो खडूचा खेळ आवडायचा नाही. गणित सुटत आलं की टर्र. पण विषय डोक्यात पक्का बसला, हे नाकारण्यात अर्थ नाही. आज माझं पोट त्याच्यावरच चालतंय.

ह्या शेड्यूलरनं जे काम फार वेळ ताटकळलंय त्याला हळूहळू पुढं सरकवायचं, नाहीतर पुढच्या गर्दीत त्याचा नंबर येतच नाही आणि ते उपाशी मरतं. पुस्तकातसुद्धा शब्द तोच आहे, उपासमार. आणि आणखी एक सोय असते, नाईस म्हणून. नाईस म्हणजे भला. जे काम जितकं भलं, तितकं ते मागं सरून दुसऱ्यांना वाट देतं. सरांनी हे सांगताना एक नियम दोनदा उच्चारला होता, आणि परीक्षेतही हमखास विचारायचे. आपलं स्वतःचं काम भलं करायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याचं काम मागं ढकलायचा हक्क मात्र साध्या माणसाला नसतो. मी तेव्हा तो नियम पाठ केला. पुढं तो कुठं उपयोगी पडणार आहे, याची मला काय कल्पना.

माणसानं हे वर्गात ठेवावं की नाही? ह्या गृहस्थानं घरी आणलं. नगरात पाणी रोज येत नाही आणि येतं ते फार वेळ थांबत नाही. अंगणात नळ एक. आमच्या खोलीच्या बादल्या, मागच्या खोलीतल्या नवराबायकोचं पिंप, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या कळशा, आणि काकूंचा ड्रम. सर नळाशी टायमर घेऊन उभे. टर्र झालं की बादली काढायची, अर्धी का असेना, आणि दुसऱ्याची लावायची. अंगणभर अर्ध्या बादल्या. नळ आणि बादल्या यांच्यामध्ये आम्ही सगळे कवायत केल्यासारखे फिरतोय आणि सर खूश. काकूंचा ड्रम सगळ्यात शेवटी. त्याच्यापर्यंत पाळी पोचायच्या आत बहुतेक वेळा नळ फुसफुसायला लागायचा. मग काकू पलीकडच्या आळीत बोअरवर जायच्या, कळशी कमरेवर घेऊन. सर शेजारच्या बाईंना विचारायचे, "भरलं ना सगळं?" बाई म्हणायच्या, "तुमच्यासारखा माणूस नाही हो." आणि मी माडीवरून हे बघत दात ओठ खायचे.

बोलण्यालाही टायमर होतं. दारात आलेल्या प्रत्येकाला ते वेळ द्यायचे; नापास पोरं, त्यांचे बाप, कॉलेजातले आळशी सहकारी आपापल्या फायली घेऊन, गल्लीतला कुणी मोबाईल बिघडला म्हणून. नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. टर्र झालं की तळहात वर. बोलणारा वाक्याच्या मधोमध गप्प. पुढच्याची पाळी. पण खरी गंमत पुढं असायची. तुमची पाळी फिरून आली की तुमचं तुटलेलं वाक्य ते जसंच्या तसं तुमच्या हातात द्यायचे. एकदा मी त्यांना सांगत होते की माझ्या आबांना मी पुण्याला नोकरीला गेलेली नको आहे, आणि तेवढ्यात टर्र झालं. पुढच्या आठवड्यात मी माळीवाडा स्टँडवर जामखेडच्या गाडीची वाट बघत उभी, तर हे मागून आले. ना नमस्कार ना कशी आहेस. म्हणाले, "'आणि आबा म्हणाले की'. मग, काय म्हणाले आबा?" मला हसावं की रडावं कळेना. पण सांगते, त्या क्षणी बरं वाटलं. माझं अर्धं वाक्य कुणीतरी इतके दिवस जपून ठेवलं होतं. घरी माझं पूर्ण वाक्यसुद्धा कुणी ऐकून घेत नव्हतं.

ह्या कलेवर त्यांचा फार विश्वास होता. थांबलेलं काम जिथं थांबलं तिथंच असतं, असं ते म्हणायचे. त्याला काही होत नाही. फक्त त्याची पाळी यायला हवी.

आता तारेचं सांगते. बैठकीच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्यांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधली होती. म्हणायचे मात्र तार. तिच्यावर रंगीबेरंगी चिमटे. एक चिमटा म्हणजे सरांनी अंगावर घेतलेलं एक काम. लाल चिमटा कुणाचा प्रोजेक्ट, पिवळा कुणाच्या मुलाचा प्रवेश. पुढचा चिमटा काढायचा, त्याचं काम ठरलेला वेळ करायचं, संपलं नाही तर शेवटी लावायचा. फार दिवस मागं राहिलेल्याला रोज थोडं थोडं पुढं सरकवायचं. आलेला माणूस आधी तारेकडं बघायचा, आपला चिमटा कुठवर आला ते.

त्या तारेला शेवटाकडं एक गाठ होती. गाठीपलीकडं निळे चिमटे. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा सर अभिमानानं म्हणाले, "ते आमचं. घरचं. अलीकडं कुणीच वाट बघत नसेल तेव्हा पलीकडची पाळी. आपण नाईस असावं." गाठीपलीकडं कुणाला पुढं सरकवणं वगैरे नव्हतं. तो नियम बाहेरच्यांसाठी. आणि अलीकडं कुणीच वाट बघत नाही असा दिवस ह्या माणसाच्या घरात मी पाहिला नाही. कसा दिसणार? सगळ्या नगराला ठाऊक होतं की इथं नाही म्हणत नाहीत.

काकूंना गोधड्या शिवायचा नाद होता. जुनी लुगडी, धोतरं, आमच्या फाटक्या ओढण्या, काय मिळेल ते. धावदोरा असा सरळ की पट्टी ठेवून ओढल्यासारखा. मला त्यांनी एक शिवून दिली, माझ्या दुसऱ्या वर्षात. मी बघितलं तर डावीकडच्या रांगा वाकड्या गेलेल्या, दोन ठिकाणी टाके एकावर एक चढलेले. मी फटकळ, म्हणाले, काकू, हे काय, झोपेत शिवली का. त्या हसल्या आणि म्हणाल्या की त्या बाजूचं जरा अंधारल्यागत दिसतं. मग माझ्या लक्षात यायला लागलं. चौकटीला खांदा लागतोय. बाजूनं कुणी आलं की दचकतायत. चहा ओतताना धार कपाच्या काठावर. सर तेवढ्यापुरतं "सावकाश" म्हणायचे आणि समोरच्याचा चिमटा काढायचे.

त्याच वर्षी काकू सोनईला माहेरी गेल्या होत्या तेव्हा तिथल्या शिबिरात डॉक्टरांनी डोळे बघितले होते. डोळ्यातला दाब वाढलाय, काचबिंदू असू शकतो, नगरला जाऊन लगेच तपासा, बरोबर कुणाला तरी न्या, थेंब घातल्यावर दिसणार नाही, असं बजावलं होतं. काकूंनी आल्या आल्या सरांना सांगितलं. सरांनी काय करावं? मन लावून ऐकलं, निळा चिमटा घेतला आणि गाठीपलीकडं लावला.

मी काकूंना म्हणायचे, चला, मी नेते. रिक्षानं जाऊन येऊ. त्या म्हणायच्या, "न्हाई गं, ते म्हनलेत मी नेतो. त्यांना वाईट वाटंल." दिवाळीची सुट्टी आली, त्यात सरांनी एका सहकाऱ्याच्या पीएचडीचं काम करून दिलं. उन्हाळ्याची आली, त्यात नापास मुलांचे फुकटचे वर्ग. सगळी नापास पोरं पास झाली, हो. त्यांतलेच आता देवमाणूस, देवमाणूस लिहितायत. त्यांच्यातल्या एकानं तरी तारेच्या टोकाला काय लोंबतंय ते मान वर करून पाहिलं होतं का?

शेवटी मी काकूंना ओढून नेलं. माझं शेवटचं वर्ष होतं. त्या जिन्यात पाय चुकून बसल्या होत्या, लागलं नव्हतं फारसं, पण मी म्हटलं आता पुरे, आणि रिक्षा बोलावली. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. डाव्या डोळ्यात आता काही उरलं नाही म्हणाल्या. उजव्यात मध्ये थोडं आहे, नळीतून बघितल्यासारखं, तेही किती टिकेल सांगता येत नाही. औषधानं राहिलेलं राखायचा प्रयत्न करायचा. गेलेलं परत येत नाही. लवकर का नाही आणलंत, असं त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार? काकूंनीच उत्तर दिलं, "नंबर लागला न्हाई, बाई." डॉक्टरीणबाईंना वाटलं, दवाखान्यातला नंबर. त्या म्हणाल्या, इथं तर गर्दी नसते.

घरी आलो तर बैठकीत सर आणि दोन विद्यार्थी. मी त्या दोघांना बाहेर जायला सांगितलं. गेले बिचारे. सरांनी माझा चेहरा बघितला आणि सवयीनं टायमरची चावी फिरवून ते टेबलावर ठेवलं. माझी पाळी सुरू झाली.

मी सगळं सांगितलं. डावा डोळा, उजवा डोळा, परत न येणारं. ते ऐकत राहिले. मग फार हळू म्हणाले की थांबलेलं काम जिथल्या तिथं असतं, असं त्यांनी धरलं होतं.

"ते मशीनमध्ये," मी म्हणाले. "काकू मशीन आहेत का? माणूस थांबला की झिजतो, सर. तुमची वाट बघता बघता त्यांचा डोळा मेला. आणि भलेपणाचं म्हणाल, तर स्वतः मागं राहायचं तर खुशाल राहा. दुसऱ्याला मागं ढकलायचा हक्क नसतो, हे तुम्हीच शिकवलंत मला. परीक्षेत विचारलंत."

"ती दुसरी कशी?" सर म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आमचं दोघांचं मी एकच काम धरलं."

"एक? मग डोळा तुमचा का नाही गेला? तुम्ही काकूंना एकदा तरी विचारलं का, की..."

टर्र.

आणि त्या माणसानं तळहात वर केला. सवयीनं, मला माहीत आहे. हात वर गेल्यावर स्वतःच दचकले ते. पण केला. मी ते टायमर उचललं आणि अंगणात भिरकावलं, आणि त्याच आठवड्यात खोली सोडली. परीक्षेपुरती मैत्रिणीकडं राहिले. पुढं पुण्याला नोकरी लागली. आबा काय म्हणाले ते जाऊ दे. काकूंना फोन करत आले, सणावाराला, मध्येच कधीतरी. सरांशी बोलले नाही.

आता ह्या सत्काराचं आमंत्रण आलं आणि ती बायकोसाठी नोकरी सोडल्याची आरती वाचली. सोडली, खरं आहे. उजवा डोळाही गेल्यावर सोडली. सगळा रयतेचा कारभार उरकल्यावर राजाला घर आठवलं, तर त्याचीही आपण शाल घालून पूजा करायची. मी ठरवलं, सत्काराला जायचं नाही, पण घरी जायचं. एका रविवारी सकाळी गेले.

दार सरांनी उघडलं. केस पांढरे झालेत, खिसा सपाट. हातात भाजी निवडायचं ताट. माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि ना ये ना बैस, म्हणाले, "'तुम्ही काकूंना एकदा तरी विचारलं का, की'. इथं थांबली होतीस तू. बोल."

इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि त्या पाण्याचा मला आणखी राग आला. माझं वाक्य बरं जपता येतं ह्या माणसाला. वाक्यं सगळी शाबूत आहेत, सगळ्या जगाची.

आत बैठकीत ती तार अजून होती. गाठ सोडवलेली होती, दोरीला तिथं मुरड राहिली होती. सगळे चिमटे गेलेले, एकच निळा उरलेला, अगदी पुढं, पहिल्या जागेवर. त्याच्या खाली खुर्चीत काकू बसलेल्या, मांडीवर गोधडीचा तुकडा, हातानं चाचपत धावदोरा घालत होत्या. सर त्यांच्यासाठी सुया ओवून ठेवतात, म्हणाले; एका उशीला ओवलेल्या सुयांची रांग टोचलेली होती. सकाळी पेपर वाचून दाखवतात. फिरायला नेतात. दारात आलेल्याला पहिल्यांदाच आयुष्यात नाही म्हणतात. ते हे सगळं सांगत होते आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होते, विद्यार्थी उत्तर लिहून गुरुजींकडं बघतो तसे. मी त्यांना एक गुणसुद्धा दिला नाही.

काकूंनी माझा आवाज ओळखला होता. हात पुढं केला. मी जाऊन जवळ बसले. त्या म्हणाल्या, "आता समदा टाइम माझाच हाय बघ. बघायचं तेवढं ऱ्हायलं."

सर ताट घेऊन उभेच होते. मग मी वळून माझं वाक्य पुरं केलं. मोठ्यानं नाही. तुम्ही काकूंना एकदा तरी विचारलं का, की तुम्हाला मागं राहायचंय का, असं म्हणाले.

उत्तर काकूंनी दिलं. सुई न थांबवता, मान न वळवता.

"न्हाई इचारलं," त्या म्हणाल्या. "इचारलं असतं ना, तर मी व्हय म्हनले असते. खुशीनं म्हनले असते. त्याचाच तर राग येतो, पोरी."